आबासाहेबांनीं दाढीचा आरसा चालविला त्याची हकीकत

साहेबांचे सेवेसी, आज्ञाधारक लेखक दोन्ही कर जोडून अर्ज करितो ऐसाजे. आपण फर्माविलें कीं, उजेडानें निरोप धाडण्याची विद्या कोठें उपजली, कैसी वाढली, आणि गेल्या महिन्यांत एके शनिवारीं दुपारीं चार मजली इमारतीचे गच्चीवर तिजवर काय प्रसंग गुदरला, तें साद्यंत लिहून पाठविणें. त्यास, जें पाहिलें तें पाहिलेंसें लिहिलें, जें ऐकिलें तें ऐकिलेंसें लिहिलें, आणि जें पाहिलेंही नाहीं व ऐकिलेंही नाहीं तें अधिक खात्रीनें लिहिलें आहे. साहेबीं सावकाश चष्मा लावून वाचावें.

प्रथम वंशावळ. या कुळाचा मूळपुरुष जाळ. डोंगराचे माथां काटक्यांचा ढीग पेटवावा, आणि पलीकडील डोंगरावरील चौकीदारानें तो पाहून आपला पेटवावा, ऐसी त्याची चाल. जाळास शब्द एकच ठाऊक, तो म्हणजे 'आले'. कोण आले, किती आले, जेवून आले कीं उपाशी आले, हें पुसावयाची सोय नाहीं. एखाद्या मेंढपाळानें काकडून शेकोटी केली तरी चार मुलूख तलवारी परजून उभे राहावे, आणि सकाळीं एकमेकांची नजर चुकवून घरीं जावें. मग या वंशीं आरसा जन्मला. तो उन्हाचा कवडसा धरून कोसां-कोसांवर फेंकी आणि लांब व आंखूड झळकांनीं अक्षरें जुळवी. परंतु ढग आला कीं मुका. त्याचा धाकटा भाऊ झडपेचा कंदील, तो अंधारांत बोले आणि दर्यावरील जहाजांशीं गुजगोष्टी करी. मग एका पंडितानें मनुष्याचा आवाजच उन्हाचे तिरपीवर चढवून पलीकडे उतरविला. लोक थक्क जाहले, आणि मग आभाळ भरून आलें तों पंडितही थक्क जाहला. सरतेशेवटीं काचेचा तंतू जन्मास आला. अंगानें केसाएवढा, परंतु आंत उजेड कोंडला म्हणजे तो वळणें घेत, अंगाअंगावर आपटत, समुद्राचे तळावरून जाऊन दुसरे खंडांत डोकें काढितो. त्यास ढगाचें भय नाहीं, अंधाराचें भय नाहीं. भय एकाच शत्रूचें, तें पिवळें खोदयंत्र.

आतां मोहिमेंतील माणसें. इमारतीचे वरचे मजल्यावर आबासाहेब राहतात. दीपगृहाचे दिव्याची अडतीस वर्षें चाकरी करून, दिवा आपला आपण फिरूं लागल्यावर घरीं आले. बिदागी म्हणोन एक पितळी दुर्बीण मिळाली, ती घेऊन गच्चीवर बसावें आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे पडले कीं खालीं कळवावें, एवढाच अंमल उरला. त्यांचे कुटुंब आईसाहेब, म्हणजे घरांतील खरा हुकूम. कन्या धाकटी बाईसाहेब, ही काचतंतू जोडणारांचे पथकांत मुखत्यार. लेकीचे कामास आबासाहेब 'खड्ड्यातलं शिवणकाम' म्हणत, आणि लेक तें कानाआड करी.

आणि चवथ्या आक्कासाहेब, आबासाहेबांची थोरली बहीण. त्या समुद्रापार लेकाकडे राहतात. ही भावंडें दीपगृहाचेच आवारांत वाढलीं, कारण वडीलही दिव्याचे चाकर. लहानपणीं वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन धाकट्यानें दोनशें अकरा पायऱ्या चढाव्या, आणि आक्कानें खालीं अंगणांत जीव मुठींत धरून उभें राहावें, ऐसा दस्तूर होता. वर पोहोंचल्यावर त्यानें आरशाचा तुकडा उन्हांत धरून लांब, लांब, आंखूड ऐसे कवडसे टाकावे, म्हणजे 'पोचलो'. मग आक्कानें घागरीचें पितळी झांकण उन्हांत धरून एकच लांब कवडसा उलट धाडावा, म्हणजे 'दिसलास'. तो पडल्याशिवाय आक्का अंगणांतून हालत नसे आणि धाकटा खालीं उतरत नसे.

त्या आक्कासाहेबांचा एक डोळा पूर्वींच गेला. दुसरे डोळ्याची शस्त्रक्रिया रविवारीं सकाळीं मुकरर जाहली. डाक्टरानें साफ सांगितलें कीं नजर राहील कीं जाईल, निम्मे-निम्मे धरून चाला. मग गुरुवारीं आक्कासाहेबांचें फर्मान आलें, तें शब्दशः येणेंप्रमाणें: "शनिवारी तुझ्याकडच्या पाचला फोन कर. सव्वापाचला इथल्या दवाखान्यातले लोक फोन काढून घेतात. आणि या खेपेला तोंड दाखव. तीन वर्षं मी नुसतं तुझं कपाळ बघतेय."

तक्रार रास्त होती. आबासाहेब चित्रफोनावर बोलतांना तो ऐसा धरीत कीं पलीकडे कपाळ आणि वर पंखा एवढेंच दिसे. चाळीस कोसांवरील जहाज ओळखणारास हातभर लांबीवरचें आपलें तोंड चौकटींत बसवितां येईना. परंतु या खेपेस त्यांनीं मनावर घेतलें. शुक्रवारीं केस कापविले, चाकरीचा कोट इस्तरी करविला, आणि आईसाहेबांस समोर बसवून तोंड मध्यभागीं ठेवण्याची कवाईत केली.

तों शनिवारीं सकाळीं पिवळें खोदयंत्र नळ टाकावयास आलें आणि पहिलेच फटक्यास रस्त्याखालील काचतंतूचा दोरखंड दुभंगला. यंत्र चालविणारानें तुटका शेंडा उचलून पाहिला, "हे काय पाण्याचं नाही" ऐसा निवाडा दिला, आणि तो पुन्हा खोदूं लागला. त्यासरशी सारा मुलूख मुका जाहला. टेकाडावरील मोबाइलचा मनोराही याच दोरखंडावर जगणारा, म्हणोन तोही निपचित पडला. घरोघरीं लोक फोन उंच धरून खिडक्यांतून फिरूं लागले.

खबर येतांच जोडकामाची फौज निघाली. फौज म्हणजे धाकट्या बाईसाहेब आणि मामा. मामा हे कोणाचेच मामा नव्हते, पथकांतील सर्वांत जुने जोडकरी म्हणोन तमाम लोक त्यांस मामा म्हणत. दुपारपर्यंत तुटला भाग टाळून नव्या दोरखंडाचा तुकडा टाकिला. त्याचें एक टोंक कोपऱ्यावरील खड्ड्यांत, तेथें बाईसाहेब काळी छत्री उभारून बसल्या. दुसरें टोंक कालव्यापलीकडे पाण्याचे टाकीखालीं, तेथें मामा आपलें स्टूल मांडून बसले. मधला पूल खोदकामांत बंद, म्हणोन वळसा घालून जाण्यास चाळीस मिनिटें. आणि कोठारांतून जो दोरखंड मिळाला त्यांतील बाराही तंतू एकाच रंगाचे, पांढरेफटक. जुन्या दोरखंडांतील तंतू बारा रंगांचे, परंतु नव्यांतील कोणता निळ्यास लावावा, कोणता नारिंगीस, कांहीं उमगेना. मग तजवीज एकच: एकानें आपले बाजूनें जुन्या निळ्याचे जोडीस जो तंतू दिला त्यांत तांबड्या उजेडाची लेखणी लावावी, आणि दुसऱ्यानें पाहावें कीं आपल्याकडे बारांतून कोणता तांबडा होतो. जो होईल तो निळ्यास जोडावा, मग नारिंगी, मग हिरवा, ऐसे बारा. कोणी पाठवावें आणि कोणी पाहावें, हें नित्य फोनवर ठरे. त्या दिवशींही निघतांना मामा म्हणाले, "बसलो की फोन करतो," आणि बाईसाहेब म्हणाल्या, "बरं." लोकांचे बोलणें सुरू करावयास निघालेल्या दोघां शहाण्यांनीं बंद पडल्या बोलण्यावर भिस्त ठेवून कूच केलें, हें या कारकीर्दींतील मोठें नवल होय.

एक वाजतां युद्धास तोंड लागलें. फोन लागेना, तेव्हां बाईसाहेबांनीं विचार केला कीं मामा वडील मनुष्य, त्यांस पाहावयाचें सोपें काम द्यावें, आपण पाठवावें. आणि त्यांनीं पहिल्या तंतूंत तांबडा उजेड सोडिला. मामांनीं विचार केला कीं पोर उन्हांत बसली आहे, तिजला पाहावयाचें सोपें काम द्यावें. आणि त्यांनींही उजेड सोडिला. दोहों बाजूंनीं तोफा डागिल्या आणि पाहणारा कोणी नाहीं. अर्धा तास दोघेही उत्तराची वाट पाहत बसले. मग दोघांचेही एकाच वेळीं ध्यानांत आलें कीं समोरचाही पाठवीत असेल. मग दोघांनींही लेखण्या काढिल्या आणि दोघेही पाहत बसले. आतां काळोख. दोघांनींही ऐसा अंदाज बांधिला कीं नवा दोरखंडच फुटका आहे, आणि दोघांनींही कोठारवाल्याचे नांवानें बोटें मोडिलीं.

मग बाईसाहेबांनीं समक्ष भेट घ्यावी म्हणोन बाजाराचे वाटेनें कूच केलें. त्याच घटकेस मामांनीं कालव्याचे कांठानें कूच केलें. चाळीस मिनिटांनीं बाईसाहेब मामांचे रिकाम्या स्टुलापाशीं आणि मामा बाईसाहेबांचे रिकाम्या छत्रीखालीं पोहोंचले. दोघांनींही हताश होऊन चिठ्ठी लिहून दगडाखालीं ठेविली आणि दोघेही माघारी फिरले. तीन वाजून दहा मिनिटांनीं आपापले ठाण्यांत येऊन चिठ्ठ्या उघडिल्या. बाईसाहेबांचे चिठ्ठींत होतें, "मी पाठवते, तुम्ही फक्त बघा." मामांचे चिठ्ठींत होतें, "मी पाठवतो, तू फक्त बघ." दोघेही आज्ञाधारक. दोघेही पाहत बसले.

इकडे आबासाहेबांनीं दाढी करावयास बैठक मारिली होती. मोरीतला उजेड अपुरा, म्हणोन ते आरसा, वाडगा आणि साबण घेऊन गच्चीवर आले, आणि एका गालाची दाढी जाहली असतां संवयीनें दुर्बीण डोळ्यास लाविली. त्या गच्चीवरून दोन्ही ठाणीं दिसत होतीं. इकडे लेक छत्रीखालीं तंतू पांढऱ्या कागदावर धरून निश्चळ, तिकडे मामा तैसेच निश्चळ. आबासाहेबांनीं पांच मिनिटें पाहिलें आणि त्यांस सारा उलगडा जाहला, कारण हीच चूक दिव्याचे चाकरीस नवीन लागलेला प्रत्येक इसम पहिले आठवड्यांत करितो. घड्याळांत साडेतीन वाजले होते. पांचास आक्का फोनजवळ बसणार, आणि तिचें उद्यां काय होईल तें कोणी जाणत नाहीं.

आईसाहेब चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनीं पुसिलें कीं, अर्धी दाढी ठेवून काय बघताय.

आबासाहेब म्हणाले, "एकानं दाखवायचं आणि एकानं बघायचं असतं. दोघं बघत बसलेत."

आईसाहेब म्हणाल्या, "खाली जाऊन सांगा मग."

आबासाहेबांनीं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलें, चार मजल्यांकडे पाहिलें, आणि मग हातांतील दाढीच्या आरशाकडे पाहिलें. त्यावरील साबण बाहीनें पुसिला, आरसा उन्हांत धरिला आणि लेकीचे कागदावर कवडसा टाकिला. या लेकीस त्यांनीं सहाव्या वर्षीं भिंतीवर बॅटरीचा उजेड पाडून लांब-आंखुडाचीं अक्षरें शिकविलीं होतीं. तिनें पुढें तीं विसरल्याचें सांगितलें होतें. परंतु कवडसा लांब-आंखूड नाचूं लागतांच तिची मान वर जाहली. हुकूम येणेंप्रमाणें: 'फक्त बघ. पाठवू नको. हलू नको.' बाईसाहेबांनीं डोईवरील नारिंगी टोपी उंच करून हुकूम पावल्याची पावती दिली.

आतां मामांस कसें कळवावें हा पेंच पडला, कारण मामांस हीं अक्षरें ठाऊक नाहींत. परंतु आबासाहेबांनीं दुर्बिणींतून त्यांची चाल पारखिली होती. मामांचे हातास स्वस्थ बसणें म्हणोन माहीत नाहीं. ते नुसतें पाहून कंटाळतील आणि पुन्हा लेखणी लावतील, ऐसा त्यांनीं होरा बांधिला, आणि सातवे मिनिटास तैसेंच घडलें. मामांनीं उजेड सोडिला आणि इकडे बाईसाहेबांचे बारा पांढऱ्या तंतूंतील एकाचा शेंडा कागदावर गुंजेसारखा तांबडा जाहला. टोपी वर गेली. आबासाहेबांनीं लागलीच मामांचे तोंडावर तीन झळका मारिल्या.

मामा खवळले. कोणी टवाळ आरसा मारितो ऐसें वाटून त्यांनीं स्टूल फिरविलें. कवडसा फिरला. मग पाठ केली, तों कवडसा पुढल्या हत्यारांचे पेटीवर. मामांनीं त्रासून लेखणी काढून दुसऱ्या तंतूस लाविली. टोपी वर, तीन झळका. तिसऱ्यास लाविली. टोपी वर, तीन झळका. तेव्हां मामांचा हात थबकला. त्यांनीं मुद्दाम लेखणी कोठेंच न लावितां धरिली आणि कवडशाची वाट पाहिली. नाहीं आला. मग चवथ्यास लाविली, आला. मामांनीं आपली टोपी काढून इमारतीकडे पाहिलें आणि कंबरेंत वांकून मुजरा केला. तो जोडकरी मनुष्य चार खेपांत नवी भाषा शिकला, हें त्याचे हुशारीचें लक्षण लिहून ठेविलें पाहिजे.

मग मोहीम ऐसी चालली कीं पाहणारानें पाहत राहावें. मामांनीं लावावें, बाईसाहेबांनीं ओळखावें, तंतू सोलावा, शेंडा साफ करावा, यंत्रांत धरून वितळवून जोडावा, टोपी उंच करावी, आणि आबासाहेबांनीं कवडसा धाडावा. पांचवा गेला, सहावा गेला. आबासाहेबांचा अर्धा साबण वाळून पांढरे पापुद्रे पडूं लागले. वेळ चार वाजून वीस. इमारतीस जो तंतू येतो तो आकाशी, म्हणजे बारावा. लेकीनें आधीं तोच जोडावा ऐसें आबासाहेबांचे मनांत आलें, आणि त्यांनीं तें मनांतच ठेविलें, कारण एकाचे घरासाठीं क्रम मोडल्यास मामांची मोजदाद चुकेल आणि मुलूख सारा उलटापालटा होईल.

दहावा तंतू जातां-जातां दैवानें दगा दिला. शेजारची उंच इमारत सूर्याचे आड आली आणि गच्चीवर सावली पसरली. ऊन उरलें तें मागील कोपऱ्यांत, आणि तेथून मामा दिसत नाहींत. चार वाजून अडतीस मिनिटें. आबासाहेब आरसा धरून सावलींत उभे.

आईसाहेब खालीं गेल्या आणि आपले मेजावरील मोठा आरसा उचलून वर आल्या. हा आरसा त्यांचे माहेरचा. त्यास आबासाहेबांनीं हात लावूं नये ऐसा पुरातन मनाईहुकूम होता. मागील कोपऱ्यांत उन्हांत उभें राहून त्यांनीं ऊन त्यांत धरिलें आणि आबासाहेबांचे दाढीच्या आरशावर फेंकिलें. तेथून तें मामांकडे गेलें.

"हात हलवू नको," आबासाहेबांनीं फर्माविलें.

"तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढली. हलायचा असता तर कधीच हलला असता," आईसाहेब म्हणाल्या, आणि आरसा तसूभरही हालला नाहीं.

चार वाजून छप्पन मिनिटांनीं बारावा तंतू जोडला गेला. बाईसाहेबांनीं टोपी नुसती उंच केली नाहीं, भिरकावून दिली. ती नेमकी खोदयंत्राचेच पुढें पडली, परंतु यंत्रवाला चहास गेला होता. आबासाहेब अर्ध्या दाढीनिशीं, कोट खांद्यावर टाकून, जिना उतरून घरांत आले. फोन लाविला. घंटा गेली. घंटा जात आहे हें ऐकून आईसाहेबांनीं खुर्ची धरिली.

आक्कासाहेब पडद्यावर आल्या. उशीला टेकलेल्या, केस विंचरलेल्या, डोळा उघडा आणि पाणावलेला. आबासाहेबांनीं आपलें तोंड चौकटीचे बरोबर मध्यें धरिलें. कपाळ, दोन्ही कान, हनुवटी, एक गाल साफ आणि एक गाल साबणाचा, सारें चौकटींत. तीन वर्षांत प्रथमच.

"बारक्या, आलास का?" आक्कासाहेबांनीं पुसिलें.

"आलो. दिसतोय ना?"

आक्कासाहेबांनीं डोळा पडद्याजवळ आणिला. मग म्हणाल्या, "नाही रे. दुपारीच डोळ्यात औषध घातलंय. सगळं धुरकट झालंय. तू म्हणजे नुसता एक पांढरा ढग आहेस."

येथें लेखकाचे कलम अडखळतें. आबासाहेबांस वाईट वाटलें. बारा तंतू, दोन आरसे आणि एक आख्खी दुपार खर्च होऊन मोहीम वायां गेली ऐसें नव्हे, तर बहिणीनें एवढें एकच मागितलें होतें आणि तेंच देतां येईना, म्हणोन वाईट वाटलें. लेकही तोंवर मातीचे पायांनीं दारांत येऊन उभी राहिली होती.

मग आबासाहेबांनीं हातानेंच खुणावून आईसाहेबांस पडदे ओढावयास लाविलें. खोलींत अंधार जाहला. मेजावरील दिवा लाविला, फोन त्याचे समोर टेकविला आणि आपला पंजा दिव्याचे पुढें धरिला. मग पंजा बाजूस घेतला, लांब. पुन्हा धरिला, पुन्हा घेतला, लांब. मग एक आंखूड. तो उजेड फोनांत शिरला, भिंतींतून उतरला, कोपऱ्यावरील खड्ड्यांतून लेकीचे जोडावरून आणि टाकीखालून मामांचे जोडावरून गेला, आणि समुद्राचे तळावरून आक्कासाहेबांचे उशाशीं निघाला.

घड्याळांत पांच वाजून नऊ मिनिटें. मग फोनाचा पडदा काळा जाहला. फोन बंद पडला ऐसें वाटून आईसाहेब पुढें जाहल्या, तों लेकीनें त्यांचा हात धरिला. आक्कासाहेबांनीं आपला तळहात फोनाचे डोळ्यावर ठेविला होता. मग तो काढिला आणि उजेड आला, तो चांगला लांब आला, आणि मग पुन्हा हात ठेविला.

"दिसलास," आक्कासाहेब अंधारांतून म्हणाल्या. "आता ठेव. नर्स आली."

येणेंप्रमाणें शनिवारीं पांच वाजून दहा मिनिटांनीं मोहीम फत्ते जाहली, हें दप्तरीं दाखल करावें. नुकसानी येणेंप्रमाणें: नारिंगी टोपी एक, यंत्रवाला चहाहून परतल्यावर चेमटली, आईसाहेबांचे खांद्यास उसण, चहा एक पेला, निवून सांडला, मामांचे स्टूल एक, कालव्याकांठीं विसरलें, तें अद्याप सांपडलें नाहीं. आबासाहेबांनीं त्याच सायंकाळीं उरलेली दाढी करितां-करितां लेकीस सांगितलें, "तुझं काम आमच्याच घराण्यातलं निघालं." लेक म्हणाली, "कुठलं? खड्ड्यातलं शिवणकाम?" यावर आबासाहेबांनीं गालाकडे अधिक लक्ष दिलें. मामांनीं पुढील सोमवारपासून पाठवावयाचें कोणी आणि पाहावयाचें कोणी, हें निघण्यापूर्वींच तोंडीं ठरवावें ऐसा कायम दंडक घातला, आणि तो आजवर चालत आहे.

शस्त्रक्रियेचा निकाल स्वतंत्रपणें लिहावयाचें कारण उरलें नाहीं. आठवे दिवशीं पांच वाजतां आबासाहेबांनीं नित्याप्रमाणें फोन धरिला असतां आक्कासाहेबांकडून पहिल्याच वाक्यांत रीतसर तक्रार आली कीं, पुन्हा नुसतें कपाळ दिसतें आहे, आणि वर पंख्यास जळमटें लागलीं आहेत, तीं काढविणें. ही तक्रार मूळ शब्दांनिशीं दप्तरीं नोंदली आहे. साहेबांस कळावें.